बंदुकीवरची पाणसळ: नेमबाजानं लेव्हल कोणती घ्यावी, आणि मुळात घ्यावी का?

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफलचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं अशा तिन्ही प्रकारांनी नेम धरायचा) कांस्यपदक जिंकलं, तेव्हा आमच्या घरी पेढ्यांच्या आधी एक प्रश्न आला. टीव्हीवर रायफलवाले दाखवत होते आणि आई म्हणाली, "अरे, ह्यातल्या काहींनी बंदूक वाकडी धरलीय. ह्यांना कोणी सांगत नाही का?"

मी बांधकामावरचा माणूस. भिंत ओळंब्यात आहे का आणि फरशी पाणसळीत आहे का, हे बघण्यात तीस वर्षं गेली. वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. पण ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या माणसाला बंदूक सरळ धरता येत नसेल, हे काही मला पटेना. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

उत्तर मिळालं ते भाचीमुळं. ती दहा मीटर एअर रायफलवरून ५० मीटरच्या रायफलकडे वळली आणि तिचा फोन आला: "मामा, तू रोज साइटवर लेव्हल लावतोस ना? मग सांग, माझ्या साइटला कुठली लेव्हल घेऊ?" तिची साइट म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, माझी साइट म्हणजे खडी-सिमेंटची. मराठीत दोन्ही आपण एकच लिहितो. त्यामुळे पहिली पाच मिनिटं आम्ही दोघं दोन वेगळ्या विषयांवर बोलत होतो.

मग तिनं यादी पाठवली. गेमन, सेंट्रा, आन्शुट्झ अशा जर्मन कंपन्यांच्या, नखाएवढ्या काचेच्या नळ्या. किमती बघून मी आधी चहा मागवला. आमचा गवंडी ज्या पैशांत चार फुटी लेव्हल घेतो, त्यापेक्षा हे नखभर प्रकरण महाग. मग ठरवलं की नीट समजून घेऊ. जे समजलं ते इथं लिहितोय.

आधी ही साइट म्हणजे काय ते बघू

टार्गेट रायफलला दुर्बीण नसते. डोळ्याजवळ एक चकती असते, तिला मिलिमीटरभराचं भोक; ही रिअर साइट. नळीच्या पुढच्या टोकावर एक छोटी पोकळ नळकांडी असते, तिच्यात एक कडं. ही फ्रंट साइट. जुन्या मराठीत बंदुकीच्या टोकावरच्या खुणेला 'माशी' म्हणत. ही माशी आता गोल झाली आहे, एवढंच. भोकातून बघायचं, कड्याच्या मधोमध लक्ष्याचं काळं वर्तुळ आणायचं, आणि ट्रिगर दाबायचा.

लेव्हल, म्हणजे आपली पाणसळ, ही किंचित कमानदार काचेची नळी. आत द्रव, आणि द्रवात एक बुडबुडा. बुडबुडा नेहमी सगळ्यांत उंच जागा शोधतो. नळी जरा कलली की उंच जागा सरकते, आणि बुडबुडाही. १६६१ च्या सुमारास थेवेनो नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी ही युक्ती काढली, तीत आजवर मूलभूत बदल करायची गरज पडलेली नाही. इंग्रजीत हिला 'स्पिरिट लेव्हल' म्हणतात. त्या नावातलं 'स्पिरिट' म्हणजे आतलं अल्कोहोल: पाणी थंडीत गोठतं आणि काचेला चिकटून रेंगाळतं, अल्कोहोल तसं करत नाही.

गोळी सरळ जात नाही

आंबा पाडायला दगड मारताना आपण आंब्यावर नेम धरत नाही, आंब्याच्या जरा वर धरतो. दगड वाटेत खाली येणार हे शाळेत न जाताही कळतं. गोळीचंही तेच. ५० मीटरच्या स्पर्धेत वापरतात ती पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच जाडीची, गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. लक्ष्यापर्यंत पोचायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली पडते. म्हणजे साधारण अर्धी वीत.

ही घसरण भरून काढायला साइट अशी लावलेली असते, की डोळा मधल्या ठिपक्याकडे बघत असताना नळीचं तोंड मात्र ठिपक्याच्या १२ सेंटिमीटर वर रोखलेलं असतं. नेमबाजाला हे दिसत नाही. त्याच्यासाठी सगळं मधोमध आहे.

आता या १२ सेंटिमीटरचं एक चित्र मनात आणा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लक्ष्यावर भिंतीवरचं घड्याळ आहे असं समजा. केंद्रापासून १२ च्या आकड्याकडे १२ सेंटिमीटर लांबीचा काटा उभा आहे. नळी त्या काट्याच्या टोकाकडे रोखलेली आहे. गुरुत्वाकर्षण गोळीला तिथून १२ सेंटिमीटर सरळ खाली ओढतं. वर १२, खाली १२: गोळी केंद्रात.

आणि रायफल कलली तर?

रायफल नेमाच्या रेषेभोवती उजवीकडे कलली, तर काटाही उजवीकडे कलतो. या कलण्याला नेमबाज 'कँट' म्हणतात. पण गुरुत्वाकर्षणाला रायफलचं काही घेणंदेणं नसतं. ते आपलं सरळ खालीच ओढणार. काट्याचं टोक उजवीकडे गेलंय, तिथून गोळी सरळ खाली आली, तर ती केंद्राच्या उजवीकडे आणि केसभर खाली पडणार. डावीकडे कलली तर डावीकडे.

किती? घड्याळावर एका मिनिटाची जी खूण असते, ती म्हणजे ६ अंश. काटा एवढाच सरकला तर गोळी साडेबारा मिलिमीटर बाजूला जाते. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि गोळीची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. साडेबारा म्हणजे सरळ नऊ. नेम अगदी अचूक, ट्रिगर अगदी मऊ, आणि गुण नऊ. नेमबाज डोक्याला हात लावून वाऱ्याला दोष देतो.

एका अंशानं काय होतं? दोन मिलिमीटरचा फरक. प्राथमिक फेरीत तो चालून जातो, कारण थ्री पोझिशनच्या प्राथमिक फेरीत पूर्ण गुणच मोजतात. कड शिवलेला दहा आणि मधोमध लागलेला दहा यांची किंमत सारखी. स्वप्नीलनं पॅरिसला तिथं ६०० पैकी ५९० मिळवले आणि सातव्या क्रमांकानं अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीत मात्र दशांश मोजतात. तिथं केंद्रापासून दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. अचूक १०.९ चा नेम एका अंशाच्या कलानं १०.७ होतो. त्याचं कांस्य ४५१.४ वर आलं होतं. त्या आकड्यातल्या टिंबानंतरचा अंकही असाच मिलिमीटर-मिलिमीटरनं जमतो.

एअर रायफलवर हे का जाणवत नाही, तेही इथंच कळतं. दहा मीटरवर छर्रा जेमतेम १८ मिलिमीटर खाली येतो. काटा आखूड, म्हणून एका अंशाची चूक ०.३ मिलिमीटर. तिथं दशांशही बारीक, पाव मिलिमीटरचा, तेव्हा साधारण एका दशांशाचा फटका बसतोच, पण नवशिक्याच्या इतर चुकांच्या गर्दीत तो हरवून जातो. भाचीला दोन वर्षं लेव्हलची आठवण झाली नाही आणि ५० मीटरला गेल्यावर महिन्याभरात झाली, ती यामुळेच.

दुसरं टोक बघायचं तर इंग्लंडमधल्या बिस्लीला जावं लागतं. तिथं १८९० पासून नेमबाजीच्या स्पर्धा होतात, आणि मोठ्या काडतुसाच्या रायफलींनी हजार यार्डांवर, म्हणजे किलोमीटरला थोडं कमी इतक्या अंतरावर, याच प्रकारच्या साइटनी नेम धरतात. तिथं गोळीची घसरण दहा-अकरा मीटर होते. काटा तिमजली इमारतीएवढा! एक अंश कलला की गोळी १८ सेंटिमीटर बाजूला. तिथला माणूस लेव्हल घेऊ का, असं विचारत बसत नाही.

पण डोळ्यांना कळत नाही का?

हा माझा पहिला आक्षेप होता. गवंड्याच्या डोळ्याला अर्ध्या अंशाचा वाकडेपणा कळतो, मी रोज बघतो. पण गवंड्यासमोर चौकटी असतात, कोपरे असतात, शेजारची भिंत असते. नेमबाजासमोर काय असतं? गोल भोक, त्यात गोल नळकांडी, त्यात गोल कडं, त्यात गोल काळं लक्ष्य. चार वर्तुळं एकात एक. आणि वर्तुळाला वर-खाली नसतं. रायफल दहा अंश फिरवा, चित्र तसंच.

त्यात डोकं रायफलच्या दांड्यावर टेकलेलं, म्हणजे तेही जरा कललेलं. तोल सांभाळणारी यंत्रणा आपल्या कानात असते. डोकं तिरकं ठेवून बराच वेळ राहिलं की तिलाही उभं-आडवं नीट कळेनासं होतं. पोटावर झोपून, एका हाताला पट्टा आवळून, जाड चामडी जाकिटात तासभर पडलेल्या माणसाला 'तुला कळत नाही का' असं विचारणं सोपं आहे.

थोडी मदत आहे. काही कडी आडव्या दोन दांड्यांवर टांगलेली असतात. त्या दांड्या लक्ष्याच्या चौकटीच्या वरच्या कडेला समांतर दिसतात का, हे बघता येतं. हा फुकटचा उपाय आहे, आणि ज्यांची रेंज, म्हणजे नेमबाजीची जागा, नीट आहे त्यांना पुष्कळदा पुरतो. पण चौकट स्वतःच पाणसळीत आहे हे कोण सांगणार? आमच्याकडे तरी अशी चौकट मी आधी तपासल्याशिवाय मान्य केली नसती.

मग मोठे नेमबाज तिरकी का धरतात?

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. रायफल अगदी उभी धरायची तर डोळा साइटपर्यंत न्यायला मान वाकवावी लागते. मान वाकली की स्नायू ताणतात, डोळा भुवयांखालून तिरका बघतो, आणि ६० गोळ्यांच्या सामन्यात ते अंगावर येतं. म्हणून अनेक जण मान सरळ ठेवतात आणि रायफलच तोंडाकडे कलती आणतात. डोकं बंदुकीकडे नेण्यापेक्षा बंदूक डोक्याकडे आणायची.

पण मग गोळी बाजूला जाणार ना? जाणार. आणि दर वेळी तेवढीच जाणार, जर कल दर वेळी तेवढाच असेल. मग साइटचं बटण काही क्लिक (प्रत्येक 'टक' म्हणजे एक खाच) फिरवलं की हिशेब संपला. घड्याळाचा काटा ११ च्या आकड्यावर असला तरी हरकत नाही, फक्त तो तिथंच असला पाहिजे. चूक होते ती कल असण्यानं नाही, कल बदलण्यानं.

इथं मला माझा धंदा उलटा करून बघावा लागला. आम्ही लेव्हल लावतो ती सरळ आहे का बघायला. नेमबाज लेव्हल लावतो ती मघासारखीच आहे का बघायला. शून्य अंश हा त्याच्यासाठी काही पवित्र आकडा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या अर्ध्या लेव्हल आपोआप बाद होतात.

मग कोणती घ्यायची?

पहिली चाळणी तीच: नळी साइटच्या मानानं फिरवता आली पाहिजे. कायमची घट्ट बसवलेली लेव्हल रायफल उभी धरणाऱ्यालाच उपयोगी. जो सात अंश तिरकी धरतो, त्याला बुडबुडा सदैव एका टोकाला चिकटलेला दिसेल, आणि टोकाला चिकटलेला बुडबुडा काहीच सांगत नाही. फिरवून आपल्या कलाला बुडबुडा मध्ये आणता यावा, आणि मग स्क्रू आवळून ती तिथंच थांबावी. आवळल्यावर हातानं हलवून बघा. हलली तर पैसे परत.

थ्री पोझिशनवाल्याला आणखी एक अडचण. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं, तिन्ही वेळा रायफलचा कल वेगळा असतो. म्हणून फिरवायच्या भागावर अंशांच्या खुणा असलेली लेव्हल बरी. नसतील तर रंगाच्या बारीक पेननं तीन खुणा स्वतः कराव्यात. आम्ही शटरिंगवर खडूनं करतो तशा.

दुसरी चाळणी जागेची. लेव्हल फ्रंट साइटच्या नळकांडीवर किंवा लगेच खाली हवी, म्हणजे नेम धरताना ती त्याच नजरेत दिसते. रिअर साइटवर किंवा नळीवर बसवलेली लेव्हल घरी बसून साइट लावायला छान, पण नेम धरलेला असताना ती बघायला डोळा हलवावा लागतो, आणि डोळा हलला की डोकं हलतं. दुर्बीण लावून लांब पल्ल्याची नेमबाजी करणाऱ्यांच्या लेव्हल बाजूला बाहेर आलेल्या असतात, दुसऱ्या डोळ्यानं बघायला. त्या या कामाच्या नाहीत, कितीही सुंदर दिसल्या तरी.

तिसरी चाळणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि इथंच मी स्वतः फसलो. लेव्हल किती नाजूक असावी?

बांधकामावरचा माझा हिशेब साधा: जितकी नाजूक तितकी चांगली. म्हणून भाचीसाठी मी सगळ्यांत संवेदनशील नळी मागवली. ती आल्यावर तिनं पोझिशन घेतली आणि बुडबुडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळायला लागला. श्वास घेतला की पळतो, हृदयाच्या ठोक्याला थरथरतो. दहा मिनिटांत पोरगी रडकुंडीला आली. "मामा, मी नेम धरू का ह्याला धरू?"

गणित असं आहे. नळीची कमान जितकी सपाट, तितका बुडबुडा एका अंशाला जास्त सरकतो. फ्रंट साइट डोळ्यापासून पाऊण मीटरच्या पुढे असते. तिथं अर्ध्या मिलिमीटरची हालचाल चांगल्या डोळ्याला जेमतेम कळते, दोन मिलिमीटरची सहज कळते. तेव्हा एका अंशाला बुडबुडा दीड-दोन मिलिमीटर सरकेल अशी नळी हवी. त्यासाठी कमानीची त्रिज्या साधारण ८५ ते ११५ मिलिमीटर येते. त्याहून फार कमी सरकणारी आंधळी. आणि एका अंशाला दहा मिलिमीटर सरकणारी, म्हणजे मी घेतली त्या जातीची, दोन सेंटिमीटरच्या नळीत अंशभरातच टोकाला जाऊन आपटणार. यंत्राच्या पायासाठी जी लेव्हल उत्तम, ती जिवंत माणसाच्या हातात निरुपयोगी. माणूस यंत्राचा पाया नाही, तो हलतोच.

आता किरकोळ गोष्टी. बुडबुडा आणि खुणा यांच्यात दोन्ही बाजूंना सारखी बारीक फट दिसली पाहिजे. बुडबुडा खुणांच्या मधोमध आहे का, यापेक्षा दोन फटी सारख्या आहेत का, हे डोळा लवकर ओळखतो. उन्हात द्रव प्रसरण पावतो आणि बुडबुडा आकसतो, थंडीत फुगतो. मे महिन्यात बालेवाडीला दुपारी बघितलेला बुडबुडा आणि डिसेंबरात दिल्लीच्या कर्णीसिंग रेंजवर सकाळी बघितलेला बुडबुडा आकारानं वेगळे दिसतील. लेव्हल बिघडलेली नसते. द्रवाचा रंग उजळ पिवळा-हिरवा असावा, कारण रेंजवर नेमबाज सावलीत असतो आणि लक्ष्य उजेडात. गडद द्रवातला बुडबुडा त्या फरकात बुडून जातो. वजन कमी असावं, कारण नळीच्या टोकावरचं वजन रायफलचा तोल बदलतं.

बसवायची कशी?

इथं मात्र आमचं ज्ञान कामाला आलं. लेव्हल नवी असली तरी खरी आहे असं धरून चालू नये. गवंडी फळीवर लेव्हल ठेवतो, बुडबुडा बघतो, मग लेव्हलच्या टोकांची अदलाबदल करून ती त्याच जागी ठेवतो. बुडबुडा दोन्ही वेळा फळीच्या त्याच टोकाकडे तेवढाच गेला तर लेव्हल खरी, फळी वाकडी. टोक किंवा अंतर बदललं तर लेव्हल खोटी. नेमबाजाची नळी सुटी करून हीच परीक्षा घेता येते, मिनिटाचं काम आहे.

पुढे ओळंबा. दोरीला वजन बांधून लक्ष्याजवळ टांगा. ओळंब्याला चुकवता येत नाही, तो पृथ्वीचं ऐकतो. रिकामी रायफल स्टँडवर घट्ट बसवून साइटचा उभा अक्ष दोरीशी जुळवा, आणि तेव्हा बुडबुडा कुठं आहे ते लिहून ठेवा. हा झाला शून्य अंश. तो वापरायचा नसला तरी माहीत असावा.

मग खरी जुळवणी. नेहमीप्रमाणे पोझिशन घ्या. डोळे मिटा. दोन-तीन श्वास घेऊन अंग सैल सोडा. डोळे न उघडता दुसऱ्या कोणालातरी बुडबुडा वाचायला सांगा. पाच-सहा वेळा उठून पुन्हा हेच करा. बुडबुडा जिथं पुन्हा पुन्हा येतो तो तुमचा स्वाभाविक कल. नळी फिरवून त्या जागी बुडबुडा मधोमध आणा आणि आवळा. लेव्हलनं तुमच्या अंगाचं ऐकायचं आहे. अंग लेव्हलच्या मागे फरफटवलं तर ताण येतो, आणि ताण आला की गोळी आणखी भलतीकडे जाते.

बघायचंही एकदाच. आधी बुडबुडा, मग लक्ष्य, मग ट्रिगर. लक्ष्याकडे गेलेली नजर पुन्हा बुडबुड्याकडे आणायची नाही.

तिरकी रायफल आणि तिरके क्लिक

तिरकी धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साइटवर दोन बटणं असतात, एक गोळी वर-खाली नेणारं, एक डावी-उजवीकडे नेणारं. पण ही 'वर-खाली' रायफलची, पृथ्वीची नव्हे. रायफल १५ अंश कललेली असताना गोळी १० मिलिमीटर वर न्यायला बटण फिरवलं, तर ती अडीच मिलिमीटर बाजूलाही जाते. सामन्यात वारा बदलतोय, घड्याळ पळतंय आणि क्लिक वाकडे पडताहेत, हा गोंधळ जिवावर येतो. त्यावर उपाय म्हणजे साइट नळीच्या मानानं फिरवून बसवायचे ठोकळे मिळतात; रायफल तिरकी, पण साइट उभी. मग लेव्हलही उभ्या साइटवरच येते आणि क्लिक सरळ पडतात.

साइट जितकी उंच तितकी कलाची चूक जास्त, असं रेंजवर बरेच जण सांगतात. घड्याळाचं चित्र आठवा. रायफल नेमाच्या रेषेभोवती फिरत असेल आणि साइट ज्या अंतराला लावलेली आहे त्याच अंतरावर गोळी झाडली, तर काट्याची लांबी म्हणजे फक्त गोळीची घसरण. साइटची उंची त्यात येतच नाही. अंतर बदललं तर ती येते, पण ५० मीटरचा नेमबाज अंतर बदलत नाही.

आणि हो, काही अनुभवी नेमबाज ही चूक मुद्दाम करतात. वाऱ्याची झुळूक गोळी उजवीकडे नेणार असं झेंड्यांवरून दिसलं, की क्लिक फिरवण्याऐवजी रायफल अंशभर डावीकडे कलवतात. अंशाला दोन मिलिमीटर, हा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेला असतो. बुडबुडा एका खुणेनं सरकवला की झालं. हे नवशिक्यानं करू नये. माझ्या भाचीनं तर नाहीच.

एवढे पैसे घालायचे का?

आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेतेपद मिळवलं. अशी नावं घेऊन पालक विचारतात, की पोराला सुरुवातीपासूनच सगळं सामान द्यायला नको का? माझं मत: नको. एअर रायफलवर असलेल्या मुलाला लेव्हल देऊ नका. त्याला आधी उभं राहायला शिकू द्या. आडव्या दांड्यांचं कडं घ्या, तेवढं पुरे. ५० मीटरला गेल्यावर, आणि गोळ्यांचा पुंजका वर-खाली घट्ट पण आडवा पसरलेला दिसायला लागल्यावर, लेव्हलचा विचार करावा. आडवा पसरणारा पुंजका वाऱ्यानंही होतो, म्हणून तो शांत हवेत तपासावा.

आणि घेण्याआधी नियमपुस्तक उघडा. स्पर्धेआधी उपकरणांची तपासणी होते, वजनाला मर्यादा असते, एअर रायफलला ५.५ किलोची. फ्रंट साइटच्या नळकांडीच्या मापांनाही बंधन असतं. दुकानदारानं 'सगळे वापरतात' म्हटलं म्हणजे तपासणीच्या टेबलावर ते चालेलच, असं नाही.

भाचीची ती नाजूक लेव्हल मी ठेवून घेतली. जिन्याच्या पायऱ्या तपासायला ती फार सुरेख आहे. तिच्यासाठी दुसरी मागवण्याआधी मी तिला रायफल रिकामी करून, डोळे मिटून, दहा वेळा पोझिशन घ्यायला लावलं, आणि फ्रंट साइटवर चिकटपट्टीनं बसवलेली स्वस्तातली नळी स्वतः वाचत गेलो. झोपून दहाच्या दहा वेळा बुडबुडा एकाच जागी आला. गुडघ्यावर आठ वेळा. उभ्यानं मात्र तो प्रत्येक वेळी वेगळीकडे होता. तेव्हा लेव्हल घ्यायची ठरली ती उभ्यासाठी, आणि तीही तिच्या सरांनी उभं राहण्याची पद्धत बघून झाल्यावर. सरांनी बघितलं. डावा पाय चार बोटं मागे घेतला. आता बुडबुडा दहातून सात वेळा जागेवर येतो, आणि लेव्हलची ऑर्डर अजून दिलेली नाही.